दुसऱ्या क्लासचा नियम

प्रेमने चहाचा कप खाली ठेवला आणि आपल्याला आता विझार्ड व्हायचं आहे असं जाहीर केलं, तेव्हा अंगदची कानशिलं तापली.

“मागच्या रविवारी तू क्लेरिक झालास,” अंगद म्हणाला. “त्याच्या आधी रेंजर. मूळचा तू फायटर. आता विझार्ड?”

“मंग? पुस्तकात लिहिलंय का न्हाई, बघ ना.”

पुस्तकात लिहिलं होतं. हेच तर दुःख होतं.

अंगद जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. आठवडाभर तो ओल्या कागदावर ठेवलेलं बी उगवतं की नाही ते बघायचा, आणि रविवारी दुपारी घराच्या पुढच्या खोलीत एक सबंध राज्य चालवायचा. त्या राज्यात डोंगर, राजे, राक्षस सगळं होतं, पण ते सगळं अंगदच्या तोंडात होतं. खेळणाऱ्याने एक मनातला वीर घ्यायचा. त्या वीराला एक पेशा असायचा, त्याला क्लास म्हणायचं. तलवार चालवणारा फायटर, मंत्र मारणारा विझार्ड, माग काढणारा रेंजर, जखमा बऱ्या करणारा क्लेरिक. आपला वीर काय करतो ते खेळाडूने सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि राक्षस मेला की आपण मेलो हे मास्टरने सांगायचं. मास्टर अंगद होता. गेली सहा वर्षं तोच होता, कारण एवढं बोलायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती.

आता एकाच वीराने एक पेशा सांभाळून दुसराही घ्यायचा, याला मल्टिक्लास म्हणतात. पुस्तकाची त्याला परवानगी आहे. पण परवानगी मिळाली की थांबायचं कुठे हे प्रेमला कधीच कळलं नव्हतं. जुन्या जालन्यात त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आणि टॉवेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला चादर, सोलापुरी सतरंजी आणि पडद्याचं कापड दाखवल्याशिवाय प्रेम पायरी उतरू देत नसे. त्याचा वीरही तसाच झाला होता. राक्षस तोच मारायचा, माग तोच काढायचा आणि स्वतःच्या जखमाही स्वतःच बऱ्या करायचा.

त्यामुळे बाकीच्या दोघांना काम उरलं नव्हतं. मोनाली मेडिकल दुकानात फार्मासिस्ट होती. खेळात ती क्लेरिक होती आणि आता तिच्याकडे कोणी जखमी येतच नव्हतं. वसंता सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, पन्नाशीला टेकलेले. त्यांचा धनुर्धारी गेले दोन महिने एका झाडावर चढून नेम धरून बसला होता.

“नियमानं बराबर आहे त्याचं,” वसंता सर खिन्नपणे म्हणाले. “पण मला झाडावरून उतरू द्या एकदा.”

इतक्यात अंगदची आई दुर्गाबाई चिवड्याची ताटली घेऊन आल्या. दर रविवारी मास्टर, क्लास, पुस्तक, लेव्हल हे शब्द कानावर पडत असल्यामुळे आपला मुलगा घरी शिकवणी घेतो असा त्यांचा पक्का समज होता, आणि गल्लीतही त्यांनी तसंच सांगितलं होतं.

“आंगदा, प्रेमला अजून एक क्लास कामून लावून राह्यलास?” त्या म्हणाल्या. “आधीच तीन आहेत. डोक्यावर लोड येतो लेकराच्या.”

“आई, मीच त्याला नको म्हणतोय.”

“काकू, मला झेपतं,” प्रेम म्हणाला.

ते ‘मला झेपतं’ ऐकून अंगदचा तोल गेला. पुस्तकातला नियम पटत नसेल तर मास्टरला आपला वेगळा नियम करता येतो. त्याला हे लोक ‘घरचा नियम’ म्हणत. अंगद खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“आजपासून घरचा नियम,” तो म्हणाला. “ज्याला दुसरा क्लास घ्यायचाय, त्यानं ते काम आधी स्वतः शिकायचं. खरंखुरं. आणि इथं सगळ्यांसमोर करून दाखवायचं. मगच वीराला मिळेल. जुने फुकट घेतलेले क्लास रद्द.”

“म्हणजे मी जादू शिकू?”

“शीक की.”

प्रेमने आजवर जिम, इंग्रजी संभाषण आणि गिटार या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात सोडलेल्या होत्या. तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला, अशा समाधानात अंगदने चिवड्याचा बकाणा भरला.

पण माणसाला एखादी गोष्ट शिक म्हटलं तर तो शिकत नाही, आणि तुला जमणार नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी वही घेऊन जातो. प्रेमने जुन्या जालन्यातच एक निवृत्त जादूगार शोधून काढला आणि दुकान बंद झाल्यावर रोज त्याच्याकडे जायला लागला. ही बातमी कळताच मोनालीचे डोळे चमकले.

“दादा, मंग मला पण रोग घ्यायचाय,” ती पुढच्या रविवारी म्हणाली.

रोग म्हणजे त्या खेळातला कुलपं उघडणारा, अंधारातून सटकणारा चोर. पण हे दुर्गाबाईंना कोण सांगणार? त्यांनी हातातला तांब्या तिथेच ठेवला.

“असं अभद्र बोलू न्हाई पोरी! औषधाच्या दुकानात बसतीस आन् रोग मागतीस?”

मोनालीने बसस्टँडजवळ छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याला उस्ताद केलं. दुपारच्या सुट्टीत ती त्याच्या शेजारी बसून जुनी कुलपं खोलायला शिकू लागली. औषधं घ्यायला आलेले लोक दुकानातून तिथे यायचे आणि चिठ्ठी दाखवून गोळी कधी घ्यायची ते विचारून जायचे.

वसंता सरांनी तर कमाल केली. त्यांना झाडावरून उतरायचंच होतं. ते बार्ड व्हायचं म्हणाले, म्हणजे गाऊन-वाजवून सैन्याला जोर आणणारा. आणि ते कल्याण नावाच्या माणसाच्या ब्रास बँडमध्ये दाखल झाले. त्यांना क्लॅरिनेट वाजवायचं होतं, पण कल्याणने त्यांच्या हातात खुळखुळे दिले. “सर, आधी ताल बसू द्या,” तो म्हणाला. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि लग्नसराईही होती. लाल कोट, सोनेरी झालर आणि डोक्यावर तुरा अशा वेशात सर गावोगाव खुळखुळे वाजवत हिंडू लागले. शाळेतली पोरं वरातीत दिसली की ते तुरा पुढे ओढून घेत.

परिणाम असा झाला की रविवारी खेळायला कोणी येईना. प्रेमचा सराव असायचा, मोनाली कुलूप घेऊन बसलेली असायची, सरांची सुपारी असायची. अंगद राज्य मांडून बसायचा आणि संध्याकाळी आवरून ठेवायचा. एकदा तर त्याने राक्षसाचं भाषण एकट्यानेच म्हणून बघितलं. बरं झालं होतं.

मे महिन्यात दुर्गाबाईंच्या भाचीचं, अर्पिताचं, लग्न निघालं. लग्न कुंभार पिंपळगावला होतं. हे लग्न साधं नव्हतं. अर्पिताची आई कौसल्या ही दुर्गाबाईंची धाकटी बहीण. थोरल्या भाचीच्या लग्नात मावशीने नुसती स्टीलची घागर दिली, हे कौसल्याच्या मनाला लागलं होतं आणि तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींशी फक्त मयतीत बोलत होत्या. या वेळी दुर्गाबाईंनी मागची सगळी कसर भरून काढायचं ठरवलं होतं. नवरीसाठी चांदीचे पैंजण, बहिणीला भारी साडी आणि स्वतःला नेसायला नवी पैठणी, असं सगळं त्यांनी लोखंडी कपाटात कुलूपबंद करून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मोनाली त्यांच्या निऱ्या नीट करायला आली. गल्लीतल्या नातेवाइकांनी मिळून केलेली जीप नऊला येणार होती. दुर्गाबाई कपाट उघडणार, एवढ्यात काळा कोट घालून प्रेम दारात उभा राहिला.

“अंग्या, माझी परीक्षा घे. आत्ता.”

“आज? अरे लग्नाला निघालोय आम्ही.”

“पाच मिनिटाचं काम आहे. आज हात बसलाय, उद्या बसंल का न्हाई सांगता येत न्हाई. काकू, तुमच्यापाशी लई जपून ठेवलेली वस्तू द्या एक.”

दुर्गाबाईंनी कौतुकाने कमरेची चावी काढून दिली. प्रेमने ती रुमालात ठेवली, काहीतरी पुटपुटला, हात हवेत फिरवला आणि रुमाल झटकला. चावी गायब झाली होती. मोनालीने टाळ्या वाजवल्या. अंगदलासुद्धा कबूल करावं लागलं की काम सफाईदार होतं.

“आता परत आण,” तो म्हणाला.

प्रेमने बाही चाचपली. मग दुसरी बाही चाचपली. मग त्याचा चेहरा पडद्याच्या कापडासारखा लोंबला.

“चावी इलास्टिकला बांधेल होती,” तो म्हणाला. “इलास्टिक तुटलं वाटतं.”

“अरे मग चावी कुठंय?”

“मघाशी ठण्ण झालं न्हाई का? खिडकीतून?”

खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पत्र्याची शेड होती. शेजारी पुण्याला गेले होते आणि फाटकाला कुलूप होतं.

“दुसरी चावी असेल ना, आई?”

“हाय की. हरपू नाही म्हणून कपाटातच ठेवली.”

प्रेम भिंतीवरून चढून शेडवर जायला निघाला. तो गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मोनालीने त्याचा कोट मागून धरला.

“थांब. कुलूप आहे न् चावी न्हाई. हा माझा पेपर आहे.”

“अगं, चावी वर पडली आहे, तो नुसता चढून आणेल,” अंगद म्हणाला.

“दादा, नियम कोणी केला? करून दाखवायचं म्हणालात ना? मंग बघा.”

तिने पर्समधून दोन वाकवलेल्या तारा काढल्या, कपाटासमोर मांडी घातली आणि डोळे मिटले. उस्ताद म्हणे कानाने कुलूप उघडायचे. आत काहीतरी सरकलं, मग अजून काहीतरी सरकलं, मग ‘टक्’ असा आवाज झाला आणि मोनालीच्या हातात अर्धी तार राहिली. उरलेली अर्धी कुलपात होती.

आता चावी मिळाली असती तरी आत गेली नसती.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अंगद हातोडा आणायला वळला, तशा दुर्गाबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“माझ्या कपाटाला हातोडा लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. तुझ्या बापानं आणलेलं हाय.”

मोनालीने उस्तादला फोन लावला. बोलून झाल्यावर ती घाबरत म्हणाली, “उस्ताद म्हणतेत, तार काढून दोन मिनिटात खोलून देतो. पण ते आज जालन्यात न्हाईत, बाजाराला बसायला गेलेत.”

“कुठल्या बाजाराला?”

“कुंभार पिंपळगावच्या.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतका सोपा उपाय समोर आल्यावर त्यात काही चुकीचं असेल असं कोणाला वाटलंच नाही. प्रेमने दुकानाचा टेम्पो आणला. गाठोडी बांधायच्या दोऱ्यांनी कपाट उभंच्या उभं बांधलं. दुर्गाबाई घरच्या साडीवर जीपमध्ये बसल्या, पैठणी पुढे गावात जाऊन नेसायची असं ठरलं, आणि प्रेम, अंगद आणि मोनाली कपाट घेऊन निघाले. अंबड येईपर्यंत अंगद मागे कपाटाला मिठी मारून उभा होता. रस्त्यावरचे लोक त्याला हात करत होते.

टेम्पो जीपच्या पुढे निघाला. कुंभार पिंपळगावात बाजाराकडे जाणारा रस्ता मंडपावरून जात होता आणि त्या रस्त्यावर नवरदेवाची मिरवणूक अडकलेली होती. पुढे बँड वाजत होता. मोनाली टेम्पोतून उडी मारून म्हणाली, “मी उस्तादला घेऊन येते, तुम्ही इथंच थांबा,” आणि गर्दीत गेली.

“अंगद!” कोणीतरी हाक मारली.

लाल कोटातले वसंता सर खुळखुळे हलवत उभे होते. घामाने त्यांचा तुरा एका कानावर आला होता.

“सर, तुम्ही? याच लग्नात?”

“सुपारी कुठली हे मला कोण सांगतंय? बस म्हटलं की बसायचं गाडीत.” मग त्यांनी कपाटाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तुझ्या मावसबहिणीचं लग्न ना हे? कपाट आणलंस? शाबास!”

“नाही हो सर, ऐका तरी...”

पण सर शिक्षक होते, आनंदाची बातमी मोठ्याने सांगायची त्यांना सवय होती. त्यांनी कल्याणला सांगितलं, कल्याणने हात वर केला आणि सबंध बँड वळून टेम्पोच्या पुढे आला. पाठीमागे घोड्यावर नवरदेव होता, तो आपला तसाच मागे राहिला. प्रेमला टेम्पो मागे घेता येईना आणि बाजूलाही घेता येईना, तेव्हा तो बँडच्या मागोमाग सरळ मंडपात शिरला. चार-पाच दांडगे लोक पुढे झाले, दोऱ्या सुटल्या, आणि अंगद ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत कपाट स्टेजजवळ उभं राहिलं. एका बाईने कपाटावर हळदीकुंकवाची बोटंही ओढली.

“नवरीच्या मावशी,” माईकवरचा माणूस ओरडला, “दुर्गाबाई बोराडे, मुक्काम जालना, यांच्याकडून नवरीला लोखंडी कपाट! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या चालू असतानाच दुर्गाबाई जीपमधून उतरल्या. घरच्या साडीवर त्या मंडपात शिरल्या आणि समोर आपलं कपाट बघून जागीच उभ्या राहिल्या. त्या काही बोलणार, एवढ्यात गर्दीतून कौसल्या धावत आली आणि तिने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

“अक्का! एवढं कामून केलंस गं? मी तुला घागरीवरून काय काय बोलले! आन् तू अंगावर नवं लुगडंसुद्धा न घेता पोरीला कपाट आणलंस!”

दुर्गाबाईंनी तिच्या खांद्यावरून अंगदकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते अंगदला नीट वाचता आलं नाही. मग त्यांनी बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, “रडू नको. एकच तर भाची राह्यलीय लग्नाची.”

अंगदने हिशेब केला. कपाट गेलं, हे आता नक्की होतं. पण कुलूप बंद आहे तोवर आतलं तरी वाचेल. दोन दिवसांनी गुपचूप चावीवाला पाठवू, आईच्या साड्या आणि डबे काढून आणू, रिकामं कपाट देऊ.

तेवढ्यात नवरदेवाच्या आई, दैवशालाबाई, कपाटाला हात लावून म्हणाल्या, “चांगलं जाडजूड आहे. उघडा की, आतून बघू.”

“चावी घरी राहिली,” अंगद घाईने म्हणाला. “नंतर पाठवून देतो.”

“सरका, दादा!”

गर्दीला कोपराने ढकलत मोनाली आली. बाजारात उस्तादभोवती गिऱ्हाइकं होती म्हणून त्याने तिलाच चिमटा आणि बारीक हुक देऊन पाठवलं होतं. मंडपात काय झालं याची तिला काहीच कल्पना नव्हती. एवढी माणसं जमलेली बघून तिला वाटलं, ती आपल्याच परीक्षेला आली आहेत.

“मोनाली, नको,” अंगद दातांतल्या दातांत म्हणाला.

“या वेळेला बराबर जमतं बघा!”

तिने चिमट्याने तार ओढून काढली, हुक आत घातला, डोळे मिटले आणि मनगटाला एक हलका झोका दिला. कुलूप लोण्यासारखं सुटलं. दोन्ही दारं सताड उघडली. वरच्या फळीवर पैठणी, तिच्याखाली घड्या घातलेल्या साड्या, मधल्या खणात लाल कागदात चांदीचे पैंजण, खाली पितळेचे डबे, चादरी, आणि एका कोपऱ्यात अंगदच्या पदवीचं प्रमाणपत्र.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना उंचावल्या. मग दैवशालाबाई म्हणाल्या, “अगं बाई! भरलेलं कपाट!”

बायकांची एकच लाट स्टेजकडे आली. माईकवाल्याला पुन्हा जोर चढला. वसंता सरांनी भान विसरून खुळखुळे असे वाजवले की त्यांना ताल सापडला आहे असं कल्याणने तिथल्या तिथे जाहीर केलं. दुर्गाबाई मात्र घरच्या साडीचा पदर सारखा करून ताठ उभ्या होत्या.

“भाचीला रिकामं कपाट कसं द्यायचं?” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी कौसल्याने प्रमाणपत्र आणि वापरातल्या साड्या पिशवीत घालून परत पाठवल्या. पैठणी आणि पितळेचे डबे राहिले ते राहिलेच. पण गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला येत होत्या की भरलेलं कपाट देणारी बाई दिसते तरी कशी, आणि कौसल्याचा रोज सकाळी फोन येत होता. दुर्गाबाई आपले कपडे सुतळीवर वाळत घालत होत्या आणि तिथूनच नेसत होत्या, आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत. अंगदला उलट त्याचीच भीती वाटत होती.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले. अंगदने पहिल्यांदा तोच विषय काढला.

“तो घरचा नियम आजपासून रद्द,” तो म्हणाला. “ज्याला जो क्लास घ्यायचा तो घ्या. पुस्तकाप्रमाणे. शिकायची काही गरज नाही.”

त्याला वाटलं होतं, लोक उड्या मारतील.

“रद्द म्हणजे?” प्रेम म्हणाला. “मी दीड महिना त्या जादूगार बाबाच्या कबुतरांची घाण काढलीय. आन् आता कोणीबी येऊन फुकट विझार्ड होणार?”

“मी भर उन्हात छत्रीखाली बसले,” मोनाली म्हणाली. “रोग असा वाटायचा न्हाई आता.”

“शिस्त पाहिजे,” वसंता सर म्हणाले. “माझ्या विद्यार्थ्यांनी मला खुळखुळे वाजवताना पाहिलंय, अंगद. ते वाया जाऊन कसं चालेल? मी तर म्हणतो नियम आणखी कडक करा. दुसराच का, पहिला क्लाससुद्धा शिकल्याशिवाय द्यायचा नाही.”

“मंजूर,” प्रेम आणि मोनाली एकदम म्हणाले.

“अरे, मास्टर कोण आहे इथं? नियम मी केला, मीच मोडणार.”

“नियम कुठला म्हणालास?” दुर्गाबाई दारातून म्हणाल्या. त्या चहा घेऊन कधीच्या उभ्या होत्या.

“घरचा.”

“मंग घर कोणाचं? त्या पोरीला कुलूप खोलता आलं म्हणून माझी अब्रू राह्यली चार माणसात. तुला काय येतं रे, नुसतं बसून बोलायला? नियम ऱ्हाणार.”

अंगदच्या सहा वर्षांच्या राज्यात पहिल्यांदाच असं झालं. तो रागाने उठला.

“मग मी मास्टरच राहत नाही. करा कोणीतरी. मी खेळतो तुमच्यासारखा.”

त्याला वाटलं, आता हे विनवण्या करतील. पण मोनाली टुणकन उठली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. तिने फासे हातात घेतले, घसा साफ केला आणि विचारलं, “चला दादा. तुमचा वीर सांगा. कोणता क्लास?”

खरं सांगायचं तर अंगदच्या मनात एक वीर फार दिवसांपासून होता. इतरांचे वीर चालवताना त्याने तो गुपचूप रंगवला होता. उंच, काळाकभिन्न, हातात दुधारी तलवार. नाव अग्निकेतू.

“फायटर,” तो म्हणाला.

“मंग तालमीत जा,” तिघे म्हणाले.

जुन्या जालन्यातल्या तालमीत तातेराव नावाचे वस्ताद होते. त्यांनी अंगदचे दंड चिमटीत धरून बघितले आणि पुढचे काही दिवस त्याला फक्त माती खणायला लावली. मग बैठका आल्या. अंगद प्रयोगशाळेचा जिना तिरका होऊन उतरायला लागला. बी ठेवलेला ट्रे उचलताना त्याचे हात थरथरायचे आणि साहेब विचारायचे की ताप आहे का. जोडीदार त्याला रोज सकाळी मातीत लोळवायचे, आणि वस्ताद दर वेळी तेच म्हणायचे, “ऊठ. आत्ता आलास न् जल्दी पैलवान होतोस काय?” पण अंगद जिद्दीला पेटला होता. जून संपता संपता त्याने पुढच्या खोलीत वसंता सरांना खांद्यावर घेतलं आणि एक पूर्ण फेरी मारून दाखवली. सरांनी वरून टाळ्या वाजवल्या.

“फायटर मंजूर,” मोनाली म्हणाली. “पहिली लेव्हल. बसा दादा.”

अंगदला बसायला थोडा वेळ लागला, कारण मांड्या वळत नव्हत्या. पण तो बसला आणि सहा वर्षांत प्रथमच पुढे काय होणार याची वाट बघू लागला. दुसऱ्याच्या गोष्टीत शिरायचं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

“अग्निकेतू गुहेत पाऊल टाकतो,” मोनाली खालच्या आवाजात म्हणाली. “अंधार आहे. समोर दोन लाल डोळे चमकतात. एक उंदीर आहे. कुत्र्याएवढा.”

“मी तलवार उपसतो,” अंगद म्हणाला, “आणि एकाच घावात...”

“फासा टाका.”

अंगदने फासा टाकला. तो गरागरा फिरला, चिवड्याच्या ताटलीला आपटला आणि एकावर थांबला.

“तलवार दगडावर बसली, हातातून निसटली,” मोनाली म्हणाली. “आता उंदराची पाळी.” तिने फासा टाकला. वीस आले. सगळे पुढे वाकून बघायला लागले. मोनालीने पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि मिटलं.

“गेला,” ती म्हणाली.

“कोण? उंदीर?”

“न्हाई दादा. अग्निकेतू.”

प्रेमने टोपी नव्हती तरी डोक्यावरून काढल्यासारखं केलं. वसंता सर उठून उभे राहिले. बाहेर दुर्गाबाई कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

“होतं असं,” मोनाली मायेने म्हणाली. “नवा वीर करा. कोणता क्लास घेता?”

अंगदने विचार केला. विझार्ड म्हटलं की कबुतरं आली. बार्ड म्हटलं की खुळखुळे आले. रोग म्हटलं की बसस्टँडचं ऊन आलं. क्लेरिकला काय शिकावं लागेल याचा त्याला अंदाजच करवेना. आणि पुन्हा फायटर व्हायचं तर तातेराव तालमीच्या दारात उभे होते. त्याने दोन्ही हातांनी आपल्या मांड्या दाबल्या.

“मोनाली,” तो हळूच म्हणाला, “असा एखादा क्लास नाही का गं, ज्यात काही शिकावं लागत नाही? नुसतं बसून बोलायचं असतं?”

“होता ना,” मोनाली फासे गोळा करत म्हणाली. “तो तुम्हीच सोडलात.”